बारमाही जास्वंद: नवी जात घडते कशी आणि पारखायची कशी

जून लागला की गोव्यातल्या अनेक अंगणांत एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्यात हौसेने आणलेली, वीतभर फुलांची, शेंदरी-जांभळ्या छटांची जास्वंद पानं पिवळी करते, कळ्या गाळते आणि चवथीपर्यंत कुंडीत नुसती काटकी उरते. त्याच अंगणात कुंपणाला लागून उभी असलेली, कुणी मुद्दाम खत न घातलेली जुनी लाल जास्वंद मात्र भर श्रावणात फुललेली असते. लोक म्हणतात, नर्सरीवाल्याने फसवलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. पहिलं झाड कुणीतरी फुलाच्या रूपासाठी निवडलेलं असतं. दुसऱ्याची निवड आपल्या पावसाने केलेली असते, कारण ज्या जास्वंदी हा पाऊस सोसू शकल्या नाहीत त्यांच्या फांद्या कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिल्याच नाहीत.

देखणेपण आणि टिकाऊपण एकाच झाडात आणायचं असेल, तर आधी जास्वंद फुलते कशी हे नीट पाहायला हवं. शाळेत फुलाचे भाग शिकताना आपण सगळ्यांनीच जास्वंदीचं फूल उकललेलं आहे, पण ते फांदीवर नेमकं कुठे येतं याकडे सहसा लक्ष जात नाही. ते नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात येतं. एका बेचक्यात साधारण एक कळी. फूल उमलल्यावर एक दिवस टिकतं, काही नव्या संकरित जातींत दोन-तीन दिवस. म्हणजे उद्या फूल हवं असेल तर आज शेंड्याला वाढ चालू असायला हवी. शेंडा थांबला की नवी पानं थांबतात आणि पानं थांबली की कळ्या थांबतात. आंबा हिवाळ्याच्या गारव्यात थांबून मग मोहरतो, तसा जास्वंदीला ठरावीक हंगाम नाही. ती वाढते म्हणून फुलते. ‘फुलं का येत नाहीत’ असं जो विचारतो त्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो, की गेल्या महिन्यात झाडाला नवी पानं किती आली?

याच प्रश्नावर थंड देशांतल्या आयरिस पैदासकारांनी आयुष्यं वेचली आहेत, आणि त्यांचं काम आपल्यालाही शिकण्यासारखं आहे. काश्मीरला वसंतात गेलेल्यांनी ही निळी-जांभळी फुलं पाहिली असतील. बागेतल्या दाढीवाल्या (म्हणजे खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसचा जमिनीलगतचा कंद आणि त्यावरचा पानांचा पंखा आयुष्यात एकदाच फुलतो. पुढच्या वर्षी फूल येतं ते त्याच्या बाजूला फुटलेल्या नव्या कंदांवर, आणि सामान्य जातींत त्या नव्या कंदांना आधी एक हिवाळा काढावा लागतो. काही थोड्या झाडांत मात्र बाजूचे कंद इतक्या झपाट्याने पोसतात, की त्याच वर्षी शरदात ते पुन्हा दांडा काढतात. अशी झाडं हेरून त्यांचेच आपसात संकर करणाऱ्यांत लॉइड झुर्ब्रिग हे मोठं नाव. ते संगीताचे प्राध्यापक होते. १९८२ साली त्यांनी नोंदवलेली ‘इम्मॉर्टॅलिटी’ ही पांढरी आयरिस दुसऱ्या बहरासाठी आजही भरवशाची मानली जाते. दुसरा बहर हवा असेल तर फुलाबरोबरच बाजूला कंद किती आणि किती लवकर फुटतात हेही पाहावं लागतं. गोव्यात ही आयरिस लावायच्या फंदात पडू नये. आपल्याकडे तिला हवी तशी थंडी नाही आणि आषाढातल्या पाण्यात कंद कुजतात. पण फुलणं हे वाढीच्या पोटातून येतं, ही गोष्ट जास्वंदीला जशीच्या तशी लागू आहे.

आता जास्वंदीच्या घराण्याकडे वळू. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’ हे चीनशी जोडणारं शास्त्रीय नाव दिलं, पण रानात आपली आपण वाढणारी ही जास्वंद कुठेच सापडत नाही. माणसानेच ती फांद्या लावून बेटाबेटांतून, बंदराबंदरांतून नेली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ती फार पूर्वीच रुळली होती. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’च्या बारा खंडांत मलबारच्या वनस्पतींबरोबर तिचीही नोंद आहे. या ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचं १६७५ सालचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. आपल्या कोकणीचा इतका जुना छापील नमुना झाडाझुडपांवरच्या ग्रंथात मिळतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

आजच्या रंगीबेरंगी जास्वंदी मात्र एकट्या या लाल फुलापासून आलेल्या नाहीत. पूर्व आफ्रिकेतली, लोंबत्या आणि कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद, मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावरची एक जात, हवाई बेटांवरची पांढरी आणि लाल जास्वंद, अशा कितीतरी भावंडांचं रक्त त्यांत मिसळलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईत या संकरांचं वेडच लागलं होतं. पुढे फ्लोरिडात १९५० साली अमेरिकन हिबिस्कस सोसायटी स्थापन झाली. आपल्याकडे बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही जास्वंदीच्या नव्या जाती दिल्या.

या सरमिसळीचा परिणाम पेशींत दिसतो. बागेतल्या वेगवेगळ्या जास्वंदींत मोजलेली गुणसूत्रांची संख्या ३६ पासून थेट दीडशेच्या पुढे जाते. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात आणि जवळजवळ सगळ्यांत तेवढीच असतात. जास्वंदीत मात्र एका झाडाचा हिशेब दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. म्हणून कितीतरी जोड्यांत बी धरतच नाही. घरच्या लाल जास्वंदीला फळ आलेलं आपल्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. दुहेरी फुलांत तर अनेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून परागही कमी.

बी धरलंच, तरी त्यातून काय निघेल याचा भरवसा नसतो. गोव्यात हे कुणाला वेगळं समजावायला नको. मानकुरादची बाट पुरली तर मानकुराद येतोच असं नाही, आणि म्हणूनच आपल्या आंब्यांची नावं कलमांनी राखली आहेत. जास्वंदीचंही तसंच आहे. एका फळातल्या दहा बियांतून दहा वेगळी झाडं उगवतात आणि त्यांतलं एखादं जमून आलं तर ते पुढे फांदीने किंवा कलमानेच वाढवायचं. ‘नवी जात’ म्हणजे एका बीपासून उगवलेलं एक झाड आणि त्याच्या फांद्यांपासून केलेली सगळी रोपं.

संकर करणं हातांना अवघड नाही. सकाळी फूल पूर्ण उमललं, की मधल्या लांब नळीच्या टोकाला पाच गोल ठिपके दिसतात. त्या कुक्षी. त्यांच्या खाली नळीभर परागकोश असतात. ज्या झाडाला ‘बाप’ करायचं त्याचं ताजं फूल खुडून त्याचे पराग आईच्या पाचही कुक्षींवर हलकेच टेकवायचे. जास्वंदीचे परागकण चांगले मोठे आणि काटेरी असतात, भिंगाने सहज दिसतात. आईच्या फुलाचे स्वतःचे पराग आधीच काढून टाकले, तर नंतर शंकेला जागा राहत नाही. मग देठाला दोरा बांधून चिठ्ठी लावायची: आधी आईचं नाव, मग बापाचं, खाली तारीख. फूल गळून पडेल, त्याची चिंता नको. देठावरचा हिरवा गोळा आठवडाभरात गळला नाही आणि फुगू लागला, तर बी धरलं. बहुतेक प्रयत्नांत तो गळतोच. टिकलेलं फळ दीड-दोन महिन्यांत तपकिरी होतं आणि तडकून बिया उधळतं, म्हणून त्याला आधीच मलमलची लहान पिशवी बांधावी.

आपल्याकडे हे काम करायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. पावसाचं पाणी लागलं की परागकण फुटतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोवळी फळं गळतात. थंडीतल्या सकाळी दोन्ही संकटं नसतात आणि फळंही उन्हाळा तापायच्या आत पिकतात. बीचं कवच टणक असतं. ब्लेडने त्यावर, टोकदार बाजू टाळून, बारीकसा छेद दिला आणि रात्रभर पाण्यात ठेवलं, तर एक-दोन आठवड्यांत कोंब येतो. रोप फुलायला एक ते दोन वर्षं लागतात.

आई-बाप निवडताना बहुतेक हौशी लोक दोन्हीकडून सर्वांत देखणी फुलं घेतात. मला हे पटत नाही. दोन नाजूक झाडांच्या संकरातून बहुधा नाजूकच झाडं येतात. एका बाजूला तरी असं झाड हवं, जे इथल्या पावसात पानं धरून राहतं. जुन्या लाल जास्वंदीला बी धरत नसेल तर तिचे पराग वापरून पाहावेत. तेही जमलं नाही, तर तिच्याइतकीच दमदार पण बी धरणारी एकेरी फुलांची एखादी जास्वंद गावात शोधावी. गुलाबी, फिकट पिवळ्या एकेरी जास्वंदी डिचोली-सत्तरीच्या जुन्या घरांपुढे अजून दिसतात आणि त्या फार मोलाच्या आहेत. पहिल्या पिढीची फुलं साधीच निघण्याची शक्यता असते. तेव्हा हिरमुसून ती रोपं उपटू नयेत. वाढीचा जोम एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकांच्या बेरजेतून येतो. तो ज्या साध्या रोपात उतरला असेल, ते पुढच्या संकराची उत्तम आई ठरू शकतं. रंग आणि आकार दुसऱ्या पिढीत परत आणता येतात.

रंगाबद्दलही एक सांगून ठेवतो. लाल-जांभळी झाक अँथोसायनिन या रंगद्रव्यांची, पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची, आणि दोन्ही एकत्र आली की शेंदरी, तपकिरी छटा येतात. ऊन आणि तापमान बदललं की या द्रव्यांचं प्रमाणही बदलतं. म्हणून जानेवारीत गडद दिसलेलं फूल मेमध्ये फिकट दिसू शकतं. एका फोटोवरून जातीचा रंग ठरवू नये, वर्षभरातल्या वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं पाहावीत.

आता मुख्य काम, पारख. इथेच धीर लागतो आणि इथेच बरेच जण कंटाळतात.

नर्सरीतल्या कुंडीत फुललेलं झाड हा पुरावा नव्हे. ते सावलीच्या जाळीखाली, मोजक्या पाण्यावर, नेमून दिलेल्या खतावर वाढलेलं असतं. कुंडीतली रोपं ठेंगणी आणि कळ्यांनी भरलेली दिसावीत म्हणून वाढ रोखणारी रसायनं वापरण्याची पद्धत जगभर आहे. त्यांचा परिणाम ओसरला की खरं झाड दिसू लागतं. शिवाय बरीच रोपं नारळाच्या भुशात वाढवलेली असतात. कोरड्या हवेत तो भुसा चांगला, पण आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो भुसा भिजून राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. अशा झाडाला ‘वाईट जात’ ठरवण्याआधी त्याला वाळू, जांभ्याची बारीक खडी आणि शेणखत मिसळलेल्या मातीत हलवून पाहायला हवं. जात आणि परिस्थिती यांची गल्लत झाली की पारख फसते.

म्हणून पारखताना तुलनेचं झाड लागतंच. नव्या रोपांच्या शेजारी तीच माती, तशीच कुंडी, तेवढंच खत देऊन जुन्या लाल जास्वंदीची रोपं ठेवायची. एखाद्या वर्षी पाऊस फार लांबला आणि लाल जास्वंदही रुसली, तर दोष वर्षाचा. ती फुलत राहिली आणि नवं रोप फुलायचं थांबलं, तर दोष रोपाचा. एका जातीची किमान तीन रोपं असावीत आणि ती एकाच कोपऱ्यात न ठेवता अंगणभर विखुरलेली असावीत. पागोळीखाली एक, नारळाच्या सावलीत एक, उघड्यावर एक. तिन्हीकडे जे झाड तग धरतं, त्याच्याबद्दल काहीतरी म्हणता येतं. एका ठिकाणी फुललेल्या एका झाडाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

वही ठेवावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चार गोष्टी लिहाव्यात: किती कळ्या दिसल्या, त्यांतल्या किती उमलल्या, किती पानं पिवळी पडली, कुठली फांदी शेंड्याकडून वाळली का. माझ्या मते यांत सर्वांत बोलका आकडा आहे तो कळ्या आणि उमललेल्या फुलांमधल्या फरकाचा. काही संकरित जास्वंदी पावसाळ्यातही कळ्या भरपूर काढतात, पण त्या उमलायच्या आत गळतात. फुलकिडे, पाण्याचा ताण, मुळांची कूज, अशी त्याची कारणं अनेक असतात. पण शेजारच्या तुलनेच्या झाडाच्या कळ्या उमलत असतील आणि याच्या गळत असतील, तर तो त्या जातीचा स्वभाव धरायला हरकत नाही. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे वर्षातले सलग किती आठवडे एकही फूल नव्हतं. एका दिवशी पंधरा फुलं आणि मग दोन महिने शुकशुकाट, यापेक्षा रोज दोन-तीन फुलं देणारं झाड देवपूजेच्या घराला जास्त उपयोगाचं. चवथीच्या आसपास, भाद्रपदात, लाल फुलाची गरज सर्वांत जास्त असते आणि पाऊसही ओसरलेला नसतो. तेव्हाचे आठवडे वहीत वेगळ्या शाईने लिहावेत असं मी म्हणेन.

पारखीच्या काळात कीटकनाशकांचा मारा करू नये. पिठ्या ढेकूण आणि मावा जास्वंदीवर येणारच. पण एकाच अंगणात एका रोपावर पिठ्या सारख्या बसतात आणि शेजारच्यावर तुरळक, हे आपल्याला पाहायचंच असतं. फवारून सगळी सारखी स्वच्छ केली तर तो फरक पुसला जातो. फार झालं तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावं.

किती वर्षं पाहायचं? निदान दोन पावसाळे. पहिल्या पावसात रोप लहान असतं आणि मातीशी जुळवून घेत असतं. दुसऱ्यात त्याचा खरा कस लागतो. फ्लॉरेन्सला १९५७ पासून आयरिसची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे आलेले कंद बागेत लावून तीन वर्षं वाढवतात आणि मग निर्णय देतात. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. आपल्याकडची फुलांची प्रदर्शनं मनापासून आवडतात, पण तिथे टेबलावर ठेवलेल्या एका फुलाला बक्षीस मिळतं आणि झाड कुणी पाहत नाही. ‘दोन पावसाळे काढलेली झाडं’ असा एक विभाग या प्रदर्शनांत सुरू व्हायला हवा.

जागाही बदलून पाहावी लागते. पेडण्याच्या किनाऱ्यावर खारा वारा आहे, वाळपईकडे किनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस आहे, फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, ऊन कमी. एकाच जातीच्या फांद्या तीन गावांतल्या तीन ओळखीच्यांकडे वाढवल्या, तर हे सगळं कळतं. जागेवर निवड करण्याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच भातशेतीत आहे. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, खाऱ्या पाण्याला पुरून उरणारं कोरगुट भात शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलं. जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्याच कोरगुटमधून निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ या जाती दिल्या. खारटपणा सोसण्याचा गुण बाहेरून आणावा लागला नाही, तो इथल्या शेतांतच होता.

कायदेशीर नोंदणीबद्दलही लोक विचारतात. पिकांच्या नव्या वाणांना संरक्षण देणारा आपला कायदा २००१ सालचा आहे. त्यात वाण इतरांपेक्षा वेगळा आहे का, सगळी रोपं एकसारखी आहेत का आणि पुढच्या पिढ्यांत ते गुण टिकतात का, हे तपासतात. ते वाण तुमच्या पावसात फुलेल का, हा प्रश्न या तपासणीत येत नाही. म्हणून नोंदणी झालेलं नाव दिसलं तरी अंगणातली पारख टळत नाही.

दोन पावसाळ्यांनंतर बहुतेक रोपं बाद करावी लागतात, आणि तसं करताना मन घट्ट करावं लागतं. उरलेलं एखादं झाड मग दोन तऱ्हांनी वाढवून पाहावं: स्वतःच्या मुळांवर आणि लाल जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलम बांधून. काही जाती स्वतःच्या मुळांवर रडतखडत जगतात, पण दमदार खुंटावर चांगल्या वाढतात. त्या टाकून देऊ नयेत, फक्त देताना ‘कलमानेच लावा’ असं सांगून द्याव्यात. दोन्ही तऱ्हांनी जी सारखीच फुलते, ती सर्वांत सोयीची, कारण तिची फांदी कुणीही खोचून लावू शकतो. फांदी पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धी पिकलेली घ्यावी, खालची पानं काढावीत, वरची निम्मी कापावीत आणि वाळू मिसळलेल्या ओलसर मातीत पावसाची झड लागणार नाही अशा ओट्यावर ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पहिली दोन रोपं आपल्या अंगणात न ठेवता दुसऱ्या गावात द्यावीत. मूळ झाड एखाद्या पावसात गेलं, तरी तेवढ्यावरून जात परत वाढवता येते. देताना चिठ्ठीवर आई-बापांची नावं, बी पेरल्याचं साल आणि पाहिलेले पावसाळे लिहून द्यावेत.